अकराशे चाळीस किलोमीटरचं भाडं

४ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

सहा वेळा फोन केला. चार वेळा नुसता वाजून बंद झाला, पाचव्यांदा तू कापलास. सहाव्यांदा कुणा बाईने उचलला आणि "ते गाडीखाली आहेत" असं सांगितलं. तिच्या मागून तुझाच आवाज आला, "नाही म्हणून सांग." मी अजून बहिरी झालेले नाही. म्हणून हे पत्र.

काम आहे म्हणूनच लिहिते आहे, खोटं कशाला बोलू. मला घर हलवायचं आहे, दुसऱ्या राज्यात. तिथल्या एका शिवण प्रशिक्षण केंद्रात शिकवायची नोकरी मिळाली आहे. १ एप्रिलला हजर व्हायचं. इथून अकराशे चाळीस किलोमीटर. इथल्या तीन ट्रान्सपोर्टवाल्यांचे उंबरे झिजवले. पहिल्याने पासष्ट हजार सांगितले. दुसऱ्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, "बोलायला घरात पुरुषमाणूस कोणी नाही का?" तिसरा अठ्ठेचाळीसवर आला, पण कागदावर लिहून द्या म्हटल्यावर हसत सुटला. तुझ्या आता स्वतःच्या दोन गाड्या आहेत असं कानावर आलं.

सामान असं: लोखंडी पलंग, एकेरी. दोन दारांचं लाकडी कपाट. पायमशीन एक. कापायचं टेबल, सहा फुटी, पाय निघतात. एक खुर्ची. भांड्यांची दोन खोकी, कपड्यांची एक ट्रंक, कापडाचे तुकडे आणि कागदी नमुने यांची चार पोती. संपलं.

मेहेरबानी मागत नाही. गिऱ्हाईक म्हणून विचारते आहे. दर कळव.

ताई

११ फेब्रुवारी

श्रीमती ताई यांस,

तुमचं पत्र मिळालं. धंद्याचं मी फोनवर कुणाशीच बोलत नाही. बोललेलं लोक मागाहून फिरवतात. सगळं लेखी घेतो. ही सवय मला कुणी लावली ते तुम्हाला ठाऊक आहे.

दर पुढीलप्रमाणे. डिझेल एकोणीस हजार. टोल पाच. राज्याची हद्द ओलांडायचा परवाना आणि तिथली किरकोळ देणी तीन. चालक आणि जोडीदाराचा भत्ता सहा. दोन्हीकडची हमाली पाच. गाडीभाडं चौदा. एकूण बावन्न हजार. गाडी दारात दोन तासांपेक्षा जास्त खोळंबली तर त्याचे वेगळे. नातेवाइकांना सवलत नाही. नातेवाइकांना सवलत देऊन मी एकदा हात पोळून घेतले आहेत.

आता यादीविषयी. बावीस वर्षं मी लोकांचे संसार उचलतो आहे. यादी वाचली की मला घर दिसतं. तीस वर्षं एकत्र राहिलेल्या नवरा-बायकोचं सामान एवढं नसतं. एकेरी पलंग? एकच खुर्ची? पुरुषाचा एक जोडा, एक कोट, दाढीचं सामान ठेवायची एक पिशवीसुद्धा नाही? कागदावर कमी दाखवायचं आणि गाडी दारात आली की "एवढं एक घ्या हो" करत अर्धं घर वर चढवायचं, असली गिऱ्हाइकं मी रोज बघतो. तुमच्या नवऱ्याने, साहेबांनी शिकवलं असेल तुम्हाला. पूर्ण यादी पाठवा. नाहीतर दर रद्द समजा.

मालक-चालक

१७ फेब्रुवारी

गुंड्या,

आशीर्वाद आज देत नाही. 

"श्रीमती"! "तुम्ही"! आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुझं नाक मी पुसलं. शाळेत फरशीवर आपटून दात पडला तेव्हा तो दात मुठीत धरून तुला दवाखान्यापर्यंत पाठुंगळी नेलं. मला मूलबाळ नाही. जे काही वाढवलं ते तुलाच. आणि तू मला भत्त्याचे आणि खोळंब्याचे हिशेब ऐकवतोस?

बरं, हिशेबच हवा ना? घे. माझ्याकडे सगळे मिळून सत्तर हजार आहेत. शिवणाचे, माझे, कुणाचे उपकार नसलेले. तिथल्या खोलीची अनामत अठरा. पहिला पगार मेच्या पाच तारखेला, तोवर महिनाभर खायला-प्यायला, जायला-यायला आठ. दिवा, बादली, गॅस, पडदे असलं सटरफटर पाच. आजारपण आलं तर म्हणून चार बाजूला. उरतात पस्तीस. खोकी मी स्वतः उतरवीन, तेव्हा हमालीतले दोन हजार काप. भत्ता दोघांचा लावलास, जोडीदार काय गाडीत बसून गाणी म्हणणार आहे? खाली करताना मी आहेच.

आणि यादी. डोळे नीट उघडून वाच. मी काहीही लपवलेलं नाही. एवढंच माझं आहे. तीस वर्षांतलं, माझं म्हणावं असं, एवढंच आहे. साहेब येत नाहीत. मी एकटी जाते आहे, कायमची. का, ते तुला सांगायला मी बांधलेली नाही. गाडीवाला आहेस ना? मग सामानापुरतं बोल.

सोबत पाच हजार आगाऊ. पावती पाठव. लेखी.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई यांस,

पाच हजार मिळाले. पावती जोडली आहे.

३० मार्चला त्या बाजूच्या एका कारखान्याचा माल इकडे आणायचं ठरतं आहे. ते जमलं तर परतीचं डिझेल माझ्या अंगावर येत नाही. मग एक्केचाळीस हजारांत होईल. त्याखाली एक पैसा नाही. याला मेहेरबानी समजू नका, धंदा आहे. सहा हजार कमी पडतात तर सटरफटरचे पाच आधी पुसून टाका. पडद्यांवाचून माणूस मरत नाही. जुन्या चादरी लावा. मशीनचं डोकं सोडवून जाड चादरीत गुंडाळा आणि ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. पोत्यांवर काय आहे ते शाईने लिहा, खडूने नको. खोलीची अनामत देण्याआधी तिथल्या जिन्याची रुंदी मागवून घ्या. कपाटं जिन्यात अडकतात आणि लोक माझ्यावर डाफरतात.

एकटी जाता म्हणजे काय ते मला कळलं नाही. विचारतही नाही. माझा काय संबंध.

पण एक अट आहे आणि ती सोडणार नाही. यादीवर साहेबांची सही हवी. "यातलं सामान पूर्ण आहे, याखेरीज गाडीत काही ठेवलेलं नाही" असं त्यांच्या हाताने लिहिलेलं. अकरा वर्षांपूर्वी तुमचंच घर मी हलवलं होतं, निम्म्या भाड्यात, तेव्हा मी नोकरीला होतो त्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गाडीने, माझ्या शब्दावर. तुमच्या दारात स्वतःच्या हातांनी उतरवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा कंपनीत फोन, की आईची सोन्याची साखळी ठेवलेली पेटी गाडीतून गेली. आठवड्याने तुम्ही दोघं कंपनीच्या यार्डात आलात. साहेब बोलत होते, मॅनेजर ऐकत होता, बाकीचे चालक चहाचे कप हातात धरून बघत होते. मी तुमच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता ताई बोलेल. तुम्ही चपलेकडे बघत राहिलात.

त्या संध्याकाळी मला काढलं. ठरलेलं लग्न महिन्यात मोडलं, मुलीच्या बापाने "चोर" हा शब्द तोंडावर वापरला. तीन वर्षं मी भाजी बाजारात पोती वाहिली. ते सगळं चालून गेलं. पण सख्ख्या बहिणीला मी चोर वाटलो, हे अकरा वर्षं गिळतो आहे आणि अजून घशाखाली उतरत नाही.

तेव्हा सही. त्याशिवाय गाडी हलणार नाही.

मालक-चालक

२ मार्च

गुंड्या,

ह्यांची सही मिळणार नाही. आणि तू लिहिलंस ते वाचल्यावर मला आता गप्प बसता येत नाही.

जानेवारीत मी दोन दिवस मैत्रिणीकडे गेले होते. परत येऊन बघते तर ओव्हरलॉकचं मशीन जागेवर नाही. तेच, ज्याच्यावर माझं निम्मं काम चालायचं. ह्यांनी सांगितलं, चोरीला गेलं. कामाच्या मावशींकडे किल्ली असते, त्यांच्याशिवाय कोण नेणार? शेजारीपाजारी गोळा झाले. मावशी दारात उभ्या, हातात केरसुणी, आणि सगळ्यांना सोडून फक्त माझ्याकडे बघत होत्या. तसं बघणं मी आधी एकदा पाहिलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मशीन ह्यांनी विकलंय. पैसे ह्यांच्याच खिशात आहेत." ते खरं निघालं. त्या दिवसापासून मी समोरच्या खोलीत वेगळी राहते आहे. महिन्याभरात नोकरी शोधली, लांबात लांब मिळेल ती.

आता ऐक. शेवटपर्यंत वाच, मग काय फाडायचं ते फाड.

आईची साखळीही ह्यांनीच विकली होती. घर हलवायच्या महिनाभर आधी. कुणा मित्राच्या जमिनीत भागीदारी घ्यायची होती, ती बुडाली. आता "ह्यांनी" लिहवत नाही, "त्याने" लिहिते. त्याने विकली. पेटी गाडीत चढलीच नव्हती. मला हे कळलं ते नव्या घरातल्या चौथ्या दिवशी. कोट धुवायला काढला, खिशात सराफाची पावती. आठव्या दिवशी आम्ही यार्डात होतो.

हो. मला माहीत होतं. तुझ्यासमोर उभी होते तेव्हा मला सगळं माहीत होतं.

तू मला एक क्षणभरही चोर वाटला नाहीस. कसा वाटशील? मी गप्प का बसले ते सांगते, आणि यात माझी बाजू सावरत नाही. मी मनाशी म्हटलं, हा तरुण आहे, धडधाकट आहे, याला दुसरी नोकरी मिळेल. मला दुसरं घर मिळणार नाही. एवढाच विचार. तो करायला मला बसमधला अर्धा तास पुरला. नंतर रोज वाटायचं, आज लिहावं. मग तुझं लग्न मोडल्याचं कळलं आणि त्यानंतर तर हिंमतच गेली.

सहीच्या जागी हे पत्र ठेव. कुणालाही दाखव.

ताई

७ मार्च

तुझे पाच हजार परत पाठवले आहेत. गाडी येणार नाही.

तुला काहीच कसं वाटलं नाही गं? चार वेळा पत्र लिहायला बसलो आणि चार वेळा फाडलं. मला एवढी वर्षं राग होता तो मला चोर समजणाऱ्या बहिणीचा. त्या रागाची मला सवय झाली होती. म्हणायचो, नवऱ्याने भरवलं, बाई भोळी, फसली बिचारी. फसली बिचारी! दर वेळी मीच तुझी वकिली करायचो. माझ्या बायकोला विचार. ती म्हणायची, बहिणीला माहीत असणार, आणि मी तिच्यावर खेकसायचो.

आणि तू चौथ्या दिवशीच ओळखून होतीस.

भांडी घासायला येणाऱ्या बाईसाठी तुला वाचा फुटली. तिचं बरं झालं, मला तिचा हेवा वाटतो. परक्या बाईसाठी एका मिनिटात, आणि ज्याला पाठुंगळी नेल्याचं मला लिहून पाठवतेस त्याच्यासाठी अकरा वर्षं लागली? तेही कधी, तर मी सही मागितली तेव्हा. सही मागितली नसती तर तू मशीन बांधून, कपाट चढवून, एक्केचाळीस हजार मोजून निघून गेली असतीस. बसमधला अर्धा तास पुरला म्हणे. अर्ध्या तासात मला निकालात काढलंस.

भाजी बाजारात दुसऱ्या वर्षी माझ्या पाठीचा मणका सरकला. दोन महिने आडवा होतो. पाणी द्यायला शेजारचा म्हातारा यायचा. तेव्हासुद्धा मी काय म्हणत होतो माहितीय? ताईला कळवू नका, तिला उगाच काळजी.

पत्र लिहू नकोस.

१६ मार्च

गुंड्या,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते आहे. उत्तर नको, गाडी नको. गाडीचं मी बघितलं आहे. दुसऱ्या कुणाचं तरी सामान त्याच शहरात जातं आहे, त्यांच्या गाडीत मागचा कोपरा मिळतो. पलंग आणि कपाट विकून टाकीन. मशीन, टेबल आणि पोती जातील. २८ तारीख.

हे पत्र वेगळ्यासाठी. परवा मी यार्डात जाऊन आले.

सकाळची बस धरली, सहा तास. फाटकाजवळचा वजनकाटा तिथेच आहे. मॅनेजरही तोच, केस गेले आहेत आणि चष्मा आला आहे. मी नाव सांगितलं, तुझं नाव सांगितलं, काय झालं होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "बाई, अकरा वर्षं झाली. आता काय उपयोग?" मी म्हटलं, उपयोग तुम्ही ठरवू नका. तुम्ही तरी तेव्हा कुठे चौकशी केलीत? नुसत्या बोलण्यावर माणूस काढलात! तेव्हा त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "त्याची सख्खी बहीण समोर उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. मी आणखी कसली चौकशी करायची?"

त्याचं खरंच होतं.

पण मी हलले नाही. चहाच्या सुट्टीत चालक जमले तेव्हा मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले. दोन-तीन जुने होते, बाकी सगळे नवे. मोठ्याने सांगितलं, की पेटी गाडीत नव्हती, साखळी माझ्या नवऱ्याने विकली होती, मला ते माहीत होतं, आणि माझ्या भावाने आयुष्यात कुणाचं काही उचललेलं नाही. एक जण म्हणाला, "मग तेव्हा का नाही बोललात?" मी म्हटलं, भित्री होते. कुणी हसलं नाही. मॅनेजरने कंपनीच्या कागदावर लिहून, शिक्का मारून दिलं. तो कागद सोबत आहे. काट्यावरच्या बाईने मला पाणी दिलं आणि परतीच्या बसपर्यंत रस्ता दाखवला.

याने काही भरून येत नाही, एवढं मला कळतं. तुझ्या पाठीचं तू लिहिलंस ते वाचून मी भिंतीवर हात आपटला, बोट सुजलं आहे. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

ताई

२० मार्च

ताई,

कुणी सांगितला होता तुला हा तमाशा?

आणि आलीस तर आलीस. माझं घर त्या यार्डापासून दहा मिनिटांवर आहे. दहा मिनिटं! सहा तास बसून आलीस, सगळ्या दुनियेला सांगितलंस, कागद घेतलास, आणि माझ्या दारावरून बसने परत गेलीस. याला काय म्हणायचं? पाणी देणारी बाई माझी बायको आहे. त्याच काट्यावर नोकरी करते. तू कोण ते तिला तू तोंड उघडल्यावर कळलं. संध्याकाळी घरी येऊन तिने तुझं भाषण शब्दन् शब्द म्हणून दाखवलं आणि वर मलाच रडून दाखवलं. विचारलं, घरी का नाही आणलंस? म्हणते, "तुम्ही काय कराल त्याचा नेम नव्हता." घरात माझी ही किंमत.

कागद मी वाचला. पाकिटात घालून ठेवला आहे. पुन्हा काढलेला नाही.

कपाट विकायचं नाही. त्या गावात तसलं कपाट घ्यायला तिप्पट मोजशील. आणि दुसऱ्याच्या गाडीच्या कोपऱ्यात पायमशीन टाकून अकराशे किलोमीटर न्यायचं? तिकडे पोचेपर्यंत त्याचं भंगार होईल. अक्कल कुठे गहाण ठेवलीस? त्या माणसाला नाही म्हणून कळव.

गाडी २७ तारखेला सकाळी सहाला दारात येईल. मी चालवणार. एक्केचाळीस हजार, एक पैसा कमी नाही. तू केबिनमध्ये बसशील, म्हणजे तुझ्या तिकिटाचे वाचतात, ते भाड्यात घाल. साहेब दारात आले तर मी त्यांच्याशी काय करीन याची हमी देत नाही, तेव्हा त्यांना त्या वेळी घराबाहेर धाडायचं बघ. वाटेत मी बोलणार नाही. तूही बोलू नकोस. माझा राग तसूभर कमी झालेला नाही.

५ एप्रिल

गुंड्या,

उरलेले सहा हजार सोबत आहेत. आता पूर्ण एक्केचाळीस झाले. पावती पाठव.

तू इथून न सांगता निघून गेलास याचा मला संताप आला आहे, तोही आधी लिहून टाकते. मी खाली वाण्याकडे गेले, चहासाठी साखर आणायला. वर येते तर खोली झाडलेली, मशीनचं डोकं बसवून पट्टा चढवलेला, गळता नळ बांधलेला, आणि तू नाहीस. खिडकीतून बघते तर गाडी वळणावर. अशी पाठ दाखवून जातात?

दोन दिवस एक शब्द नाही. "काच वर घे" आणि "पाय काढ" सोडून. मी कबूल केलं होतं म्हणून मीही बोलले नाही. तुझ्या पाठीला मागे उशी लागते हे मला पहिल्या तासाला दिसलं. काय बोलणार होते मी त्यावर?

मग हद्दीवरचा तो कारकून. मी केबिनमधून सगळं ऐकत होते. "यादीवर घरधन्याची सही नाही, बाईमाणूस एकटं, सामान चोरीचं नाही कशावरून? तुझ्यासारखे चालक रोज बघतो." तू मान खाली घालून परवाना पुढे करत होतास. बावीस वर्षांत असल्यांना तोंड द्यायची तुला सवय झाली असेल. मला नव्हती. मी कशी उतरले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी त्याच्या टेबलावर हात आपटत होते आणि रांगेतले लोक मागे सरकत होते. "सामान माझं आहे, गाडी माझ्या भावाची आहे, आणि परत तो शब्द काढलास तर तुझ्या साहेबापर्यंत जाईन." त्याने यादी न वाचताच शिक्का मारला.

गाडी चालू करताना तू म्हणालास, "एवढा आवाज होता तुझ्याकडे." बस्स. पुढचे सहाशे किलोमीटर मी तेवढं एकच वाक्य ऐकत बसले. तू ते वाईट अर्थानेच म्हणालास, मला कळतं. म्हणायलाच हवं होतं कुणीतरी.

कपाट जिन्यात अडकलंच. रुंदी मागवायची राहिली, माझी चूक. ते पाठीवर घेऊन तू तीन मजले चढलास आणि मी हमाल बोलावते म्हटलं तर असे डोळे वटारून बघितलंस, की मी भिंतीला चिकटले. त्या पाठीने! वेडा आहेस का तू?

केंद्रात बारा जणी शिकायला आहेत. सोमवारपासून माझा वर्ग. भिंतीवर आपटलेला हात बरा आहे.

ताई

१४ एप्रिल

ताई,

सहा हजार मिळाले. पावती जोडली आहे. भाडं चुकतं झालं, धंद्याचं काही राहिलं नाही.

चहाला थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं, आणि दोन दिवसांच्या ड्रायव्हिंगनंतर मला ते झेपलं नसतं. म्हणून निघालो. पाठीचं म्हणशील तर तीन दिवस आडवा होतो. बायकोने मालिश करता करता इतकं सुनावलं, की पाठ बरी म्हणायची वेळ आली.

तुझ्यावरचा राग गेला का, असं ती रोज विचारते. नाही गेला. जाईल असंही वाटत नाही. गाडी चालवताना मनातल्या मनात तुझ्याशी भांडत असतो. पण त्यात तुझी उत्तरंही मलाच द्यावी लागतात, आणि तू फार लवकर माघार घेतेस. त्याने समाधान होत नाही. काल एका वळणावर इतका रंगात आलो, की उतरायचा फाटा मागे गेला, सोळा किलोमीटर उलटं यावं लागलं. त्या डिझेलचे पैसे तुझ्याकडून घ्यायला हवेत.

पत्रातही जमत नाही. लिहिता लिहिता थंड होतो, आणि तू काय तोंड करून वाचते आहेस ते दिसत नाही.

१० मेला त्याच कारखान्याचं भाडं आहे. माल चढायला पाच तास लागतात. ते पाच तास मी तुझ्याकडे येणार आहे. बायकोही येते म्हणते, दोघांना आवरायला कोणीतरी हवं म्हणून. वर्ग असेल तर सुट्टी काढ. यार्डापासून सुरुवात करून मला सगळं बोलायचं आहे, माझ्या चालीने. मध्ये तोंड घालायचं नाही. माझं झालं की तुझं. मग तूही बोल, त्या कारकुनाशी बोललीस तशी.

आणि एक आत्ताच सांगून ठेवतो. रडायचं नाही. तू रडलीस की मला लहानपणापासून भांडता येत नाही, आणि या वेळी मला भांडायचंच आहे.

गुंड्या